डोंबिवलीची सतरा अंकी संख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला माझी गणिताची शिकवणी आहे. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक संख्या वर्षभर लिहिलेली असते आणि ती पुसायची नाही असा नियम आहे:

१२३४५६७८९८७६५४३२१

मुलं तिच्याबद्दल विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, एकदा पंखा दुरुस्त करायला आलेले दादा शिडीवरूनच विचारते झाले. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कागद-पेन्सिल घेऊन वाचा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर मात्र बाजूला ठेवा. का ते पुढे येईलच.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. वाचताना: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. 'कोटी' दोनदा आलं म्हणून मुलं हसतात, पण त्यात चूक काही नाही.

याहून देखणं वाचन जुन्या स्थाननामांचं. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त दहाच्या पटींची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपल्या संख्येत सतरा अंक, म्हणजे सगळ्यात डावीकडचा १ 'मध्य' या स्थानावर बसतो. मग ती अशी म्हणता येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. आठवीतल्या एका मुलीने हे तालात पाठ केलंय. पाहुणे आले की घरचे तिला म्हणायला लावतात, बिचारी.

ही संख्या येते कुठून?

नऊ एकांच्या वर्गातून. १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१.

कारण समजायला १११ × १११ उभा गुणाकार मांडा. १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. आता उभ्या रकान्यांत किती एक आहेत ते मोजा: १, २, ३, २, १. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात नऊ ओळी येतात. रकाने एकापासून वाढत नऊपर्यंत जातात आणि तसेच उतरतात. कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणजे हातचा कुठेच येत नाही. या संख्येतलं निम्मं सौंदर्य या न आलेल्या हातच्याचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग दहा एक घेतले तर?

तर खेळ मोडतो. मधल्या रकान्यात दहा होतात, शून्य लिहून हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला की तिथेही दहा, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा. त्याच्या पलीकडचा आठ त्यामुळे नऊ होतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा ८ गायब झालेला दिसेल. आपली संख्या ही त्या रांगेतली शेवटची धड पायरी: १, १२१, १२३२१, १२३४३२१ असं चढत ती नवव्या घराला पोचते. दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिणाऱ्यांना पंधरा पायऱ्या मिळाल्या असत्या. आपल्या दहा बोटांना नऊच.

डोंबिवलीचा काय संबंध?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, विशेषतः डोंबिवलीहून येणाऱ्या मुलांकडून.

या रांगेतल्या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. नंतर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. मुंबईपासून तीस मैलांवर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं डेम्लो नावाचं स्टेशन होतं, तिथे त्यांना या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. जीआयपीची पुढे मध्य रेल्वे झाली, आणि आपल्या संख्येचा पहिला अंक भास्कराचार्यांच्या 'मध्य' घरात बसलाय. योगायोग आहे हे मला कळतं, तरी दरवर्षी वर्गात सांगतोच.

डेम्लोची कापरेकरांची मूळ कल्पना याहून व्यापक होती. एकांच्या वर्गांच्या या खास मालिकेला त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं. त्यावरचं त्यांचं टिपण १९३८ सालचं. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, के. आर. गुंजीकरांबरोबर लिहिलेला डेम्लो संख्यांच्या सिद्धान्तावरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये आला. जगभर कापरेकर ओळखले जातात ते ६१७४ मुळे (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते), आणि तेही अमेरिकेत गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्याबद्दल लिहिल्यानंतर. आपल्याकडे तोवर अनेकांनी त्यांना आकड्यांशी खेळणारे मास्तर म्हणून बाजूला ठेवलं होतं. डोंबिवली स्टेशनावर या गोष्टीची एखादी पाटी असायला हरकत नाही.

ही मूळ संख्या आहे का?

नाही, आणि हे गणित न करता सांगता येतं. कुठल्याही संख्येचा वर्ग मूळ असूच शकत नाही. विचारायचा खरा प्रश्न पुढचा.

मग तिचे मूळ अवयव कोणते?

१११११११११ चे अवयव काढा, प्रत्येक दोनदा घ्या, झालं. अंकांची बेरीज नऊ, म्हणून ९ ने भाग जातो: १११११११११ = ९ × १२३४५६७९. हा भागाकार ओळखीचा वाटेल. १ पासून ९ पर्यंत, फक्त ८ नाही. १२३४५६७९ ला ३७ ने भागलं तर ३३३६६७ येतात, बाकी शून्य. म्हणजे पूर्ण संख्या अशी:

३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७

इथे हुशार मुलं थांबवतात: "सर, ३३३६६७ मूळ आहे कशावरून?" योग्य हरकत. त्याचं वर्गमूळ ५७७ च्या थोडं पुढे येतं, म्हणजे ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. शंभराहून जास्त भागाकार. बाकावर कुरकुर सुरू होते. पण त्यातले बहुतेक वाचवता येतात. समजा क ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १११११११११ लाही भागते, म्हणजे ९९९९९९९९९ लाही. याचा अर्थ १/क च्या आवर्ती दशांशातला गट एक, तीन किंवा नऊ अंकांचाच असणार. एक अंकी गट असलेली ३ आणि तीन अंकी गट असलेली ३७, एवढ्या दोनच मूळ संख्या आहेत, आणि ३३३६६७ ला दोन्हींनी भाग जात नाही. उरला नऊ अंकी गट. त्यासाठी क मधून १ वजा केल्यावर ९ ने भाग जायलाच हवा. शिवाय क विषम आहे, म्हणून १८ ने. झालं, उमेदवार उरले सतरा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर परळ ते ठाणे एवढ्यात होतात. एकानेही भाग जात नाही.

या तीन अवयवांचं आणखी एक नातं आहे. १/३ मध्ये एक अंक फिरतो (३), १/३७ मध्ये तीन (०२७), १/३३३६६७ मध्ये नऊ (०००००२९९७). आणि नऊ अंकी गट फिरवणारी मूळ संख्या जगात ३३३६६७ ही एकटीच. तिन्ही अवयव आपापल्या घरात एकेकटे आहेत.

विभाजक किती?

४५. ३ चे घात निवडायचे पाच मार्ग, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन, गुणाकार ४५. विभाजक नेहमी जोडीने येतात, तरी इथे संख्या विषम, कारण १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते.

उलटी वाचली तरी तीच. म्हणजे ११ ने भाग जाणार ना?

हा गैरसमज पाठ्यपुस्तकातल्या अर्धवट लक्षात राहिलेल्या ओळीतून येतो. उलटसुलट सारख्या संख्येत अंकांची संख्या सम असेल (उदाहरणार्थ ४७७४) तरच ११ ने भाग हमखास जातो. आपल्याकडे अंक सतरा. एकाआड एक बेरजा करा: १+३+५+७+९+७+५+३+१ = ४१, आणि २+४+६+८+८+६+४+२ = ४०. फरक १, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी १. एकाने हुकलं.

ती हर्षद संख्या आहे का?

आहे. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद. हे नावही कापरेकरांचंच, अर्थ आनंद देणारी. अंकांची बेरीज ८१, आणि वर पाहिलंच की ३ चार वेळा आहे, म्हणजे ८१ अवयव आहेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग. गंमत म्हणजे ते १२३४५६७९ सुद्धा हर्षद आहे: अंकांची बेरीज ३७, आणि ३७ त्याचा अवयव. कापरेकरांची लाडकी ६१७४ घ्या, तीही हर्षद. बेरीज १८, भागाकार ३४३. पण हर्षद संख्या पैशाला पासरी असतात, त्यामुळे यावर फार नाचू नये.

आणि कापरेकर संख्या?

इथे थोडं थांबू या, कारण इथली गोष्ट खरंच सुंदर आहे.

एखाद्या संख्येचा वर्ग करा, त्याचे दोन तुकडे करा (उजवा तुकडा सुरुवातीच्या संख्येइतक्या अंकांचा), बेरीज करा. सुरुवातीची संख्या परत मिळाली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ + २०९ = २९७.

१११११११११ ला ही परीक्षा द्यायला लावा. वर्ग म्हणजे आपली संख्या. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज? ९९९९९९९९९. परीक्षेत नापास, पण नऊपट मार्क मिळवून! कारण असं: आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९. हा गुणाकार तोंडी होतो: १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं लावा, त्यातून १२३४५६७९ वजा करा. आणि नऊ नवांनी भाग जाणारी कोणतीही संख्या नऊ-नऊ अंकांच्या गटांत तोडून बेरीज केली की तिथेही नऊ नवांनी भाग जातो. नवाच्या कसोटीचाच हा मोठा भाऊ.

९९९९९९९९९ स्वतः मात्र पास होते. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. आणि हा वर्ग म्हणजे आपल्या संख्येची ८१ पट.

स्वयंभू आहे का?

नाही. कापरेकरांनी 'स्वयंभू' किंवा देवळाली संख्या म्हटलं ती अशी: जी कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. उदाहरणार्थ २१ स्वयंभू नाही, कारण १५ + १ + ५ = २१. पण २० स्वयंभू आहे, करून पाहा.

आपल्या संख्येचा जनक शोधला तर सापडतो: १२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीज ८१, आणि त्यात ८१ मिळवले की शेवटचे २४० चे ३२१ होतात. दुसरा जनक नाही. ते तपासणं सोपं आहे: अंकांची बेरीज नवाच्या पटीत आणि १५३ च्या आत असायला हवी, म्हणजे फक्त सतरा शक्यता. हा गृहपाठ मी दरवर्षी देतो, दरवर्षी दोघंच करून आणतात.

दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येते?

येते, आणि एकाच प्रकारे (एक वर्ग शून्य घेण्याची पळवाट सोडून). ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागलं की बाकी ३ राहते, त्यामुळे ते या कामी निरुपयोगी. ३७ ची बाकी १, सगळी भिस्त त्याच्यावर. ३५, १२, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट दहावीच्या मुलांना ठाऊक असतं. तिन्हींना ३००३००३ ने गुणा:

१०५१०५१०५ चा वर्ग + ३६०३६०३६ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग

म्हणजे नऊ एक हा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण, ज्याच्या बाजूंमध्ये १०५ आणि ०३६ तीन-तीनदा उभे आहेत. फळ्यावर हे पहिल्यांदा आलं तेव्हा मागच्या बाकावरून चक्क शिट्टी आली.

बाकी कुठल्या कुठल्या वर्गात बसते?

भराभर सांगतो. विषम, संयुक्त, पूर्ण वर्ग. १ पासून २२२२२२२२१ पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज. घन नाही, कारण अवयव ४, २, २ वेळा आहेत, तिनाच्या पटीत नाहीत. चौथा घातही नाही: नऊ एकांना ४ ने भागून बाकी ३ उरते, आणि अशी संख्या वर्ग असूच शकत नाही. त्रिकोणी नाही. स्वतःला वगळून सगळ्या विभाजकांची बेरीज केली तर ती संख्येच्या निम्म्याहून जेमतेम जास्त भरते, म्हणून 'न्यून'. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा आहे. शून्य एकही नाही. स्मिथ संख्या नाही: मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज ८८ भरते, ८१ हवी होती.

केवढी मोठी आहे ही?

सेकंदाला एक या वेगाने न झोपता मोजत बसलात तर सुमारे ३९ कोटी वर्षं. डायनासोर यायच्या कितीतरी आधी सुरुवात करायला हवी होती. एवढे रुपये देशातल्या १४० कोटी लोकांत सारखे वाटले तर प्रत्येकाला सुमारे ८८ लाख. वाचायला पुष्कळ वाटतात. दादरला त्यात स्वयंपाकघरासकट एक खोली मिळेल का, हा वेगळा प्रश्न.

शुभ आहे का?

गाडीच्या नंबरप्लेटवर चारच अंक मावतात. पुढचा प्रश्न.

एक्सेलमध्ये टाकली तर शेवटचे अंक बदलतात. माझा कॉम्प्युटर बिघडलाय का?

नाही. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं, पुढच्या जागी शून्यं भरतं. म्हणून तुम्हाला १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. सोळा अंकी कार्ड नंबरांच्या याद्या याच कारणाने बिघडतात. अंक टाकण्याआधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या.

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेगळीच गंमत: तिथे शेवटी ३२१ ऐवजी ३२० येतं. संख्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत ५३ बिट मिळतात. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्या पुढे काही अंतर फक्त सम संख्याच ठेवता येतात. आपली संख्या त्या रेषेच्या पलीकडे आणि विषम, त्यामुळे ती शेजारच्या सम घरात ढकलली जाते. सायंटिफिक कॅल्क्युलेटर तर १.२३४५६७८९९ गुणिले १० चा १६ वा घात असं लिहून मोकळा होतो. उतरणीची बाजू दिसतच नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची दुसरी भाषा मात्र सगळे सतरा अंक नीट ठेवते. आणि कागदावरचा उभा गुणाकारही. नऊ ओळी लिहायच्या, हातचा एकही नाही.